साडेसातचं निम्मं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नाही — असं म्हणणंही पुरतं खरं नाही. अर्धं एका माणसाला माहीत होतं, आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल त्याला मी खोटं सांगितलं. तो माणूस जाऊन वीस-बावीस वर्षं झाली. आता पुरतं माहीत असलेली मी एकटीच, आणि माझंही आता काही खरं नाही. पाय सुजतात. दुपारी डोळा लागतो तो कॉफीच्या वासानंच उघडतो. म्हणून लिहायला बसले.

मी भाच्याकडं राहते. त्याची मुलं माझी मराठी समजतात, उत्तर तमिळमध्ये देतात. ही लिपी घरात कुणालाच वाचता येत नाही. वही उघडी टाकून न्हायला गेले तरी कुणी डोकावायचं नाही. म्हातारी स्तोत्रं उतरवून काढते आहे, असं भाचेसुनेला वाटतं. वाटू दे.

तुम्ही, जे कोणी हे वाचताय, देशावरचे असाल तर माझी मराठी तुम्हाला जुनीपुराणी वाटेल. रामेश्वराला जाता जाता एक पुण्याच्या बाई आमच्याकडं उतरल्या होत्या. त्या म्हणाल्या, तुम्ही अगदी पोथीतलं बोलता हो. आता आमच्या वाडवडिलांनी येताना भाषेचं जे गाठोडं आणलं तेच आम्ही वापरतोय, नवं कोण आणून देणार? असो. विषय भाषेचाच आहे म्हणून सांगितलं. म्हणजे गणिताचा. म्हणजे — दोन्हींचा.

एकतीस वर्षं मी तंजावरात मुलींच्या एका शाळेत चौथीला शिकवलं. भिंतीवर गोऱ्या राजाची तसबीर असे. आमचा राजवाडा तिथून हाकेच्या अंतरावर, पण त्यात राजा नव्हता. शिकवायचं तमिळमध्ये. बेरीज-वजाबाकी कशीबशी पार पडे, आणि पोंगल सरला की अपूर्णांक सुरू होत. दरवर्षी तेच. मी घरून केळीचं पान नेत असे. ते मधोमध फाडायचं — हे अर्धं. अर्ध्याचं अर्धं — हे पाव. पुन्हा फाडलं की पावाचं अर्धं. मग विचारायचं, पाव मोठा की आठवा भाग मोठा? आणि दरवर्षी निम्मा वर्ग एका सुरात म्हणणार, आठवा. कारण आठ मोठे. पानाचा तुकडा डोळ्यांसमोर धरला तरी आठवा. पहिली काही वर्षं मला हसू येई. पुढं पुढं नुसता शीण येऊ लागला. घसा बसे, पान सुके, आणि मी तेच वाक्य पुन्हा म्हणे.

मला स्वतःला हे सगळं आप्पांनी शिकवलं, माझ्या वडिलांनी. आठव्या वर्षी माझं लग्न झालं आणि अकराव्या वर्षी मी माहेरी परत आले ती कायमची. कपाळ रिकामं, हात रिकामे. आप्पांनी त्या हातात पाटी दिली. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, सगळे पाढे तोंडपाठ करून घेतले. तिनाचं निम्मं दीड, पाचाचं अडीच, साताचं साडेतीन. संध्याकाळी ओसरीवर बसून विचारायचे, मी फटाफट उत्तरं द्यायची. पुढं मद्रासला पाठवून त्यांनी मला टीचर केलं. लोक काय काय बोलले, त्यांनी कानामागं टाकलं. या पाढ्यांवर माझा जन्म उभा राहिला म्हणा ना. तेव्हा माझं गणित चुकेल, असं कुणाला वाटलं नाही. मला तर नाहीच.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तीन पूर्ण आणि वर पाऊण — याला आपण काय म्हणतो? पावणेचार. चार धरायचे आणि पावानं मागं यायचं. तमिळमध्ये तसं नाही. तिथं म्हणतात मूणेमुक्काल. मूणु म्हणजे तीन, मुक्काल म्हणजे पाऊण. तीन धरायचे आणि पुढं जायचं. वस्तू तीच, नाव वेगळं. आपल्या नावात चार ऐकू येतात, त्यांच्या नावात तीन. आम्ही घरात एक बोलतो, रस्त्यावर दुसरं. दिवसातून पन्नास वेळा उंबरा ओलांडतो आणि पाय अडखळत नाही.

एकदा अडखळला.

सांगते. जरा थांबा, आधी वळ्ळीबद्दल सांगायला हवं. मी उगाच वेळ काढते आहे असं तुम्हाला वाटेल. काढतेच आहे.

वळ्ळी फुलं विकणाऱ्या बाईची मुलगी. मोठ्या देवळाच्या वाटेवर तिची आई टोपली घेऊन बसे. तिकडं फुलांचा सर मुळमवर मोजतात — मुळम म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, आपला हात. वळ्ळी चार वर्षांची असल्यापासून आईशेजारी बसून सर मोजत आलेली. अर्धा मुळम, पाव मुळम, पाऊण मुळम हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. ते तिच्या हातातच होतं. मी पान फाडत असताना ती कंटाळून खिडकीबाहेर बघे. विचारलं की डावा हात जरासा उचले, उजव्या बोटांनी कोपरावरून काहीतरी मापे, आणि उत्तर देई. बरोबर उत्तर. आठवा भाग मोठा, असं ती एकदाही म्हणाली नाही. तिला टीचर व्हायचं होतं. मधल्या सुट्टीत लहान मुलींना ओळीत बसवून माझी नक्कल करायची, पदर खोचण्यापासून घसा खाकरण्यापर्यंत. मला कळत नाही असं तिला वाटायचं.

ती मला आवडायची का? हो. पण ते हात उचलून मोजणं मला खटकायचं. आप्पांनी मला पाढे दिले, ते डोक्यात असतात. ही पोर अंगानं मोजते, बाजारातल्यासारखी, असं मनात येई. हे आता लिहिताना तोंड कडू होतं, पण आलं ते आलं.

त्या वर्षी आमच्या शाळेला एक जागा मिळाली होती. एक मुलगी निवडून द्यायची. तिनं दुसऱ्या गावी मोठ्या शाळेत राहायचं, शिकायचं, जेवणखाण सगळं त्यांचं, आणि शेवटी टीचर होऊन बाहेर पडायचं. एकच जागा. गणितात जी पहिली ती जाणार, असं हेडमिस्ट्रेसबाईंनी ठरवलं. निवड करायची मी. मुली तशा दोनच होत्या, बाकीच्यांचं नाव घ्यायला नको. एक वळ्ळी. दुसरी यमुना — आमच्यातली, मराठी घरातली, आमच्याच गल्लीच्या टोकाला राहणारी. हुशार पोर, अक्षर मोत्यासारखं, घरी आजोबांकडं निमकी-पाऊणकी पाठ केलेली. माझ्यासारखीच.

उदाहरणं मी आदल्या दिवशी आप्पांबरोबर बसून काढली. त्यांना तोवर दिसेनासं झालं होतं, पण गणित कुठं डोळ्यांनी करायचं असतं? ते सांगत गेले, मी मराठीत उतरवत गेले. उत्तरं अक्षरांत लिहायची, ही त्यांची पद्धत. आकड्याला शेपूट फुटतं, म्हणायचे, अक्षराला नाही. सहा उदाहरणं. सहावं मीच वळ्ळीला आवडेल म्हणून घातलं होतं: साडेसात मुळम मोगऱ्याचा सर दोन देवळांना सारखा वाटला, तर प्रत्येकी किती? पुढं मी लिहिलं — पावणेचार.

परीक्षेच्या दिवशी इन्स्पेक्टर दोरसानी आल्या होत्या, गोऱ्या बाई. त्या आल्या की सगळ्या शाळेचा जीव टांगणीला लागे. सकाळपासून मुलींची गाणी, कवायत, स्वागत, मग पुन्हा गाणी. दुपारी त्या शेजारच्या वर्गात शिवणकाम बघायला गेल्या, आणि मी माझ्या वर्गात पाट्या तपासायला घेतल्या. ऊन मी म्हणत होतं. पाच उदाहरणं दोघींची बरोबर. सहावं — वळ्ळीच्या पाटीवर तीन आणि पाऊण. यमुनाच्या पाटीवर चार आणि पाऊण. मी माझ्या कागदाकडं पाहिलं. पावणेचार. डोळ्यांना दिसले ते चार. पाव-पाऊण काहीतरी आणि चार. यमुनाच्या पाटीवरही तेच. मी मोठ्यानं तमिळमध्ये सांगितलं, उत्तर नालेमुक्काल. चार आणि पाऊण.

विचार केला असता तर? आठाचं निम्मं चार. मग साडेसाताचं निम्मं चाराच्या वर कसं जाईल? हे मी तिसरीच्या मुलीला विचारते. पण मी विचार केलाच नाही, मी वाचलं. आणि यमुनाचं चुकलं ते कसं, हे तुमच्या आता ध्यानात आलं असेल. तिनंही मनात मराठीतच केलं होतं. पावणेचार असं बरोबर उत्तर काढलं, आणि पाटीवर उतरवताना तिथंच ठेचकाळली, जिथं मी ठेचकाळले. त्या वर्गात ही चूक करू शकणारी माणसं दोनच होती. दोघींचं जुळलं, म्हणून मी खूष झाले.

वळ्ळी उभी राहिली. तिनं वाद घातला नाही, मला वाटतं तिला वाटलं मी बघितलंच नाही. ती हवेतच सर मोजू लागली. कोपर, बोटं — एक, दोन, तीन, आणि मनगटाच्या जरा पुढं, तळहातावर बोट टेकवून, मुक्काल. मग दुसऱ्या देवळासाठी पुन्हा एक, दोन, तीन, मुक्काल. मग दोन्ही जोडून दाखवायला तिनं हात पसरले. मुली हसायला लागल्या. शेजारच्या वर्गातलं बोलणं थांबलं. दोरसानी दारात आल्या.

मी म्हणाले, हा फुलबाजार नाही. आणि ज्या हातानं ती मोजत होती त्याच हातावर, कोपराच्या हाडावर, पट्टी मारली.

दोरसानींनी इंग्रजीत विचारलं, काय झालं? मी सांगितलं, मुलगी उद्धट आहे. त्यांनी घड्याळ बघितलं आणि मान हलवली. त्यांच्यासमोर मी वळ्ळीला फळ्याकडं पाठवलं. चार आणि पाऊण, दहा वेळा लिही, आणि दर वेळी मोठ्यानं म्हण. पहिल्या दोन वेळा तिचा खडू अडला. तिसऱ्यांदा तिनं माझ्याकडं वळून पाहिलं. मी मान हलवली, लिही म्हणून. आठव्या-नवव्या वेळेपर्यंत हात झरझर चालू लागला. दहाव्यांदा लिहून ती वळली आणि म्हणाली, "नालेमुक्काल, टीचरम्मा." रडली नाही. मग मी सगळ्यांना पाट्या पुसायला सांगितलं.

इथवर ती चूक होती. निष्ठुरपणा होता, पण चूकही होती. चुकीवर मी हा कागद खरडला नसता.

चार वाजता घरी आले. आप्पा ओसरीवर वाटच बघत होते, उदाहरणं त्यांचीही होती ना. कोणाचं किती बरोबर, एकेक विचारत गेले. शेवटच्यावर आले तेव्हा मी म्हटलं, वळ्ळीचं चुकलं, तिनं मूणेमुक्काल लिहिलं. आप्पा हसले. त्यांना वाटलं मी गंमत करते आहे. "अगं, मग तेच की," म्हणाले, "पावणेचारच झाले ना ते."

मी ओसरीच्या पायरीवर बसले.  आप्पांना सगळं सांगितलं. म्हणजे चूक सांगितली, पट्टी सांगितली नाही, फळा सांगितला नाही.  ते म्हणाले, निवडीची यादी परवा जायची आहे ना? उद्या सकाळी शाळेत जाऊन पहिलं काम हे कर. चुकतं माणूस. मी हो म्हणाले.

एक अख्खा दिवस माझ्या हातात होता. हे मी नीट लिहून ठेवते. यादी गेली नव्हती. हेडमिस्ट्रेसबाईंची खोली माझ्या वर्गापासून वीस पावलांवर. मी दोनदा दारापर्यंत गेले. पहिल्यांदा आत कुणीतरी बसलं होतं. दुसऱ्यांदा कुणी नव्हतं. त्या म्हणाल्या, काय हो? मी म्हणाले, खडू संपलेत.

का नाही सांगितलं? लोक म्हणतील मराठी टीचरनं मराठी पोरीला पुढं काढलं — हे होतं. दोरसानींसमोर मी तोंडघशी पडेन, चौथीचं गणित न येणारी बाई म्हणून नोकरी जाईल, मग मी कोण उरेन — हेही होतं. ही कारणं म्हणून सांगत नाही. मनात जे होतं ते सांगते. आणि आणखी एक होतं, ते सगळ्यांत हलकं. मला वाटलं, वळ्ळीला काय, ती फुलं विकेल. तिच्या हातात काम आहे. यमुनाचं काय होणार? असं मी ठरवलं. मी, जिच्या रिकाम्या हातात कुणीतरी पाटी दिली होती.

संध्याकाळी आप्पांनी विचारलं, सांगितलंस? मी म्हणाले, सांगितलं. मग? मग बाईंनी नाव बदललं. वळ्ळी जाणार. आप्पांनी चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, सोपं नसतं ते. पुढं ते चार-पाच वर्षं होते. कधीमधी विचारायचे, त्या फुलवालीच्या मुलीचं कसं चाललंय? मी सांगायची, छान चाललंय. त्यांच्यासाठी मी तिला दर वर्षी एकेक इयत्ता पुढं नेलं. ते गेले तेव्हा माझ्या सांगण्यात ती टीचर व्हायला आली होती.

यमुना गेली, टीचर झाली, मद्रासकडं असते. नवरात्रात पत्र पाठवते. तुमच्यामुळं, असं लिहिते. तिचा काही दोष नाही.

वळ्ळी महिनाभर शाळेत आली. मग यायची थांबली. देवळाच्या वाटेवर आईशेजारी बसू लागली. मी तो रस्ता सोडला. प्रदोषाला देवळात जायचं तर मागच्या गल्लीतून, शेणाचिखलातून जायची. पण गाव ते केवढं? कधी लांबून दिसायची — मान खाली, हात चाललेला, एक, दोन, तीन.

पंधरा-सोळा वर्षांनी ती शाळेत आली. मुलीला घेऊन. जाड झाली होती, केसांत कनकांबराचा, म्हणजे आपल्या अबोलीचा गजरा, माझ्यासाठी देवाला म्हणून तुळशीचा सर आणला होता. मला बघून इतकी हसली की मला कुठं बघावं ते कळेना. तिच्या मनात काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. मुलीला चौथीत घालायचं होतं. सवयीनं मी पोरीला विचारलं, पाचाचं निम्मं किती? आणि त्या पोरीनं डावा हात उचलला, उजवं बोट कोपरावर ठेवलं.

वळ्ळीनं तिचा हात धरला आणि खाली केला. "हातानं मोजायचं नाही," तिला म्हणाली. "टीचरम्मा सांगतील ते लिहायचं." मग माझ्याकडं वळून, जरा लाजून म्हणाली, "आमच्या घराण्याला गणित येत नाही, टीचरम्मा. मलाही कधी आलं नाही. तुम्हाला ठाऊकच आहे."

रोज पहाटेपासून ती सर मोजते. सगळं गाव तिच्याकडून घेतं. मुळमला बोटभर कमी पडलं, अशी तक्रार मी कधी ऐकली नाही.

ती समोर उभी होती. वर्ग रिकामा होता. दारात कुणी दोरसानी नव्हती, नोकरीचीही दोनतीनच वर्षं उरली होती. एक वाक्य पुरलं असतं. मी पोरीचं नाव पटावर घातलं, आणि सोमवारपासून पाठवून दे म्हटलं.

ती मुलगी माझ्या वर्गात वर्षभर होती. मी पान फाडून दाखवायची, ती बघायची. हात कधी उचलला नाही.

साडेसातचं निम्मं पावणेचार. तमिळमध्ये मूणेमुक्काल. वळ्ळीचं उत्तर बरोबर होतं, आणि मला ते त्याच दिवशी संध्याकाळी कळलं होतं. ती अजून तिथंच बसते, इथून दहा मिनिटांच्या वाटेवर. तिला तमिळ वाचता येतं, चौथीपर्यंत मीच शिकवलंय. मलाही तमिळ लिहिता येतं, या मराठीपेक्षा कितीतरी सफाईनं.

हे मी मराठीत लिहिलं आहे.